सर्वांचे स्वागत आहे, झाडू दाराआड आहे

फॅब लॅब नावाच्या जगभरच्या सामाईक कार्यशाळांची एक सनद आहे. तीत वापरणाऱ्याच्या जबाबदाऱ्या तीनच: माणसांना आणि यंत्रांना इजा करू नका, झाडलोट-देखभालीला हातभार लावा, आणि आपल्याला जे कळलं ते लिहून ठेवा, दुसऱ्याला शिकवा. आमच्या भागातल्या वर्कशॉपनं ही सनद लेझरनं प्लायवर कोरून, वॉर्निश मारून भिंतीवर लावली आहे. तिसरी जबाबदारी सगळ्यांना तोंडपाठ आहे.

सभासदांनी वर्कशॉपला द्यायचे सेवेचे तास भरायचे म्हटलं की जो तो शिकवायलाच उभा राहतो. ‘थ्रीडी प्रिंटिंगची ओळख’ इतक्यांदा झाली आहे, की प्रिंटरशी ओळख नसलेला माणूस आता बाहेरगावाहून आणावा लागेल. व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी मात्र कुणी रिकामी करत नाही. ती गच्च भरली की ग्रुपवर ‘कुणीतरी बघा रे’ असा मेसेज पडतो. त्याला अंगठे भरपूर येतात.

समावेशकतेतही काही कमी ठेवलेलं नाही. दाराशी रॅम्प आहे, उतारही बेताचा आहे. तो संपतो तिथे एमडीएफचे उरलेले तुकडे ‘कुणालातरी लागतील’ म्हणून रचून ठेवलेत. त्यातून चाकाची खुर्ची आत आलीच, तर समोर उभ्यानं काम करायचं टेबल. पीव्हीसी लेझरखाली घातलं की विषारी वायू सुटतो आणि यंत्रही गंजतं. ही सूचना फक्त इंग्रजीत आहे. ‘सर्वांचे स्वागत आहे’ मात्र बारा भाषांत. ८ मार्चला महिलांना प्रवेश मोफत असतो आणि त्यांच्यासाठी लाकडी कानातले आधीच कापून ठेवलेले असतात. वेल्डिंग कधी शिकवणार, असं एकीनं विचारलं. तिला रंगवायला आणखी एक जोड दिला.

बरं, अशा कार्यशाळेची कल्पना आपल्याला नवी आहे असंही नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, शाळेत न रमलेली मुलं हातानं काम करता करता शिकावीत म्हणून. अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या कल्पनेतून निघालेल्या, एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये तिथेच उभी राहिली. म्हणजे तिथे हात आधी होते, लेझर मागून आला. आमच्याकडे लेझर आधी आला. हात मागच्या गल्लीत आहेत.

त्या गल्लीतले एक सुतारमामा गेल्या पावसाळ्यात आले. गिऱ्हाइकाच्या दारासाठी त्यांना नक्षीची जाळी कापून हवी होती. त्यांना फॉर्म दिला, तोही इंग्रजी. एका स्वयंसेवकानं तो वाचून दाखवला. (हा त्याच्या सेवेचा अर्धा तास धरला.) ‘आपल्या नवकल्पनेमुळे कोणती सामाजिक समस्या सुटेल?’ या रकान्यापाशी मामा बराच वेळ अडले. मग ‘दार’ एवढंच लिहून त्यांनी फॉर्म परत केला. तो सध्या समितीपुढे आहे.

जाता जाता त्यांनी आमचं डुगडुगणारं टेबल हलवून पाहिलं, पायाच्या सांध्यात पाचर ठोकली आणि खाली पडलेला भुसा गोळा करून नेला. टेबल आता हलत नाही. पण सेवेचे तास ॲपवरच नोंदवता येतात आणि लॉगिन फक्त सभासदांना मिळतं. त्यामुळे त्या महिन्याच्या अहवालात ‘देखभाल’ या सदरात शून्य तास आहेत.