गंगाजळी आणि लाडक्या बहिणी

मध्य प्रदेश सरकारचा हिशेब जुळवणारं महालेखाकार कार्यालय भोपाळला नाही, ग्वाल्हेरला आहे. बिचारे कारकून! जून 2023 मध्ये राज्याच्या योजनेतून 'लाडली बहनां'च्या खात्यात महिन्याचे 1000 रुपये पडले, निवडणुकीच्या तोंडावर त्याचे 1250 झाले, पुढे 3000चा वायदा. बहिणी सव्वा कोटी धरा. 3000च्या दराने वर्षाला 45,000 कोटी. कुठून आणणार, हे भर सभेत विचारणारा करंटा कोण? शिंदे संस्थानिकांची गंगाजळी याच ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या तळघरांत होती, पण ती उघडायला 'बीजक', म्हणजे सांकेतिक खूण लागे. आताच्या भाऊरायांना कर्जरोखे पुरतात. आपण मराठी माणसांनी मात्र हसू नये. 2024 मध्ये महाराष्ट्रात महायुतीने 'लाडकी बहीण'च्या 1500चे 2100 करू म्हटलं, तर महाविकास आघाडीने थेट 3000ची बोली लावली.