दोन मिनिटं, काकाजी

तुमच्या गल्लीत तो असेलच. कॉलेजात नाव, हनुवटीवर दाढीचा विचार सुरू, आणि कुणी ‘काय चाललंय?’ विचारलं की ‘सध्या स्वतःला शोधून राहिलो’ हे उत्तर. १८८३ साली हिस्लॉप कॉलेज निघालं, १९२३ साली विद्यापीठ आलं. तेव्हापासून नागपुरात याच्या कैक पिढ्या झाल्या असणार. आमच्या वाट्याचा नमुना वरच्या मजल्यावर राहतो आणि त्याच्या शोधाचा रस्ता माझ्या व्हरांड्यातून जातो.

मी पेपर उघडला की जिन्यात चपला वाजतात. पाठोपाठ वही हातात घेऊन हा. ‘दोन मिनिटं आहेत का?’ या दोन मिनिटांत माझा चहा थंड होतो, त्यावर साय धरते, पेपरातलं शब्दकोडं बायको सोडवून टाकते, आणि वहीचं अजून तिसरंच पान चालू असतं.

पहिल्या वर्षाला तो शायर होता. कुर्ता, तखल्लुस, सगळा सरंजाम. मी ‘चाचा’ झालो. ‘चाचा, बस दो मिनट.’ प्रत्येक ‘ख’ तो घशाच्या तळातून उपसून काढायचा. त्याच्या आईला वाटलं, पोराला खोकला झाला. तिनं आठवडाभर हळदीचं दूध पाजलं. शायरीत मयखाना होता, साकी होती. प्रत्यक्षात साहेबांची मजल कस्तुरचंद पार्कजवळच्या तर्री पोह्यापुढे गेलेली नव्हती.

दुसऱ्या वर्षी दाढी गेली, चष्मा आला आणि मी ‘अंकल’ झालो. ‘अंकल, जस्ट टू मिनिट्स.’ धरमपेठेतल्या एका कॅफेत ओपन माइक असायचा. तिथे हा इंग्रजीत कविता वाचायचा, विषय ‘रूट्स’. कवितेत समुद्र होता, लोकल होती, आणि २०११च्या जनगणनेत २४ लाखांवर माणसं भरलेलं आमचं नागपूर ‘स्मॉल टाउन’ झालं होतं. समुद्र कुठून आणला विचारलं, तर म्हणाला, ‘इट्स इनर, अंकल.’ फुटाळ्याच्या पलीकडे पाणी न पाहिलेल्या पोराच्या आत एवढं पाणी निघालं, म्हणजे जलसंपदा खात्यानंच लक्ष घालायला हवं.

तिसऱ्या वर्षी एकांकिका स्पर्धा आल्या. आता मी नुसता ‘काका’. ‘काका, आपल्याला दोन मिनिटं वेळ असेल तर वाचूयात का?’ हे ‘वाचूयात’ त्यानं पुण्याहून आलेल्या कुणाकडून तरी उचललं होतं. ‘येऊन राहिलो’ म्हणणारा पोरगा ‘येतोय’ म्हणू लागला. खाली भाजीवाल्याशीही तो असा बोलला, की त्या बिचाऱ्यानं हा सरकारी माणूस समजून वजन चोख केलं.

मी वैतागलो होतो, खोटं कशाला बोलू? पण एका रात्री दिवे गेले. आम्ही व्हरांड्यात बसलो होतो आणि वर जिन्यात, अंधारात, कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं.

‘आजी, जेवली का वं? ... नाई, जेवली का म्हन्लं! ... गयती थांबली का झाडाची? ... व्यापारी बाग पाहून गेला म्हन्ते बाबा, भाव काय देऊन राहिला? ... अन् डोयात औषध टाकते का नाई तू?’

काटोलकडे त्यांची संत्र्याची बाग आहे आणि आजीला कमी ऐकू येतं. आंबिया बहाराची फळं झाडाखाली गळून पडलेली, आजी तिकडून ती मोजून सांगत असावी, आणि हा पायरीवर उकिडवा बसून एकेका झाडाची चौकशी करत होता. ‘ख’ नाही, समुद्र नाही, ‘वाचूयात’ नाही. दिवे आले तरी फोन चालूच. आजीजवळ त्यानं दोन मिनिटं मागितली नव्हती.

तेव्हापासून मला त्याचा राग नीट येत नाही. पोराला काय बोलावं? शहरानंच कुठे एक काही धरून ठेवलं? भोसल्यांचं राज्य गेलं, मग मध्य प्रांताची राजधानी, मग १९५६पर्यंत मध्य प्रदेशाची, मग द्विभाषिक मुंबई राज्य, १९६०ला महाराष्ट्र. १९५३च्या नागपूर करारानं पदरात पडलं ते वर्षातून एक अधिवेशन. म्हणजे सरकारलाही नागपूर आपलं वाटतं, ते फक्त थंडीत.

पुढे त्यानं एकांकिका लिहिली: आजी, बाग, व्यापारी. सगळी तिकडच्या बोलीत. परीक्षकांनी शेरा दिला, ‘आशय उत्तम, भाषेवर संस्कार हवेत.’ महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आलं; त्या वाड्यातली माणसं विदर्भातल्यासारखीच बोलतात आणि आज ते नाटक मराठीचा मानबिंदू म्हणून शिकवतात. पण मोठ्या लेखकाची बोली ती शैली आणि कॉलेजच्या पोराची ती अशुद्धता, असा आपल्याकडे न लिहिलेला नियम आहे. आपल्या बोलीला एरवी रखवालदाराचं काम तेवढं मिळतं, तेही हशा हवा असेल तर.

बक्षीस मिळालं नाही, उत्तेजनार्थही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात चपला वाजल्या. ‘काकाजी, दोन मिनिटं.’ काकाजी! मी पेपर घडी करून ठेवला आणि शब्दकोडं बायकोच्या हवाली केलं. एकांकिका लांबली आहे, शेवट कच्चा आहे, आणि व्यापाऱ्याच्या तोंडी उगाच एक भाषण घातलं आहे. हे सगळं मी त्याला सांगितलं. पण आजी मात्र खणखणीत उतरली आहे, हेही सांगितलं.

तुमच्या गल्लीतल्या नमुन्याच्या आईबापांना एवढंच कळवा: ‘तू नेमकं काय करून राहिला?’ असं त्याला विचारू नका, त्यालाही माहीत नसतं. परीक्षेचा फॉर्म वेळेवर भरला का, तेवढं पाहा. आणि आजीच्या फोनचं रिचार्ज संपू देऊ नका.