डॅशबोर्ड हिरवागार

मळवलीला लोकलमधून उतरून पुण्याची कॉलेजची पोरं भाज्याला जातात. डोंगरात 22 लेणी, दोन हजार वर्षांपूर्वीची. भिक्षूंच्या खोल्यांत झोपायला दगडी ओटे. तिथं मनावर नजर ज्याची त्यानं ठेवायची. आता कॉलेजात ते काम अ‍ॅपकडे: रोज एक हसरा किंवा रडका चेहरा निवडा, झोप घड्याळ मोजेल. पोरं हुशार, हसराच दाबतात. रडका दाबला तर घरी फोन जायचा! डॅशबोर्ड हिरवागार, प्राचार्य खूश.

ज्या शिक्षणसंस्थेत 100 किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथं किमान एक समुपदेशक किंवा तत्सम जाणकार हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025मध्ये बजावलं. पण तो डाउनलोड होत नाही, वर पगार मागतो. तोवर जीव घाबरला तर ‘टेली-मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा 14416 लावा. पलीकडे माणूस असतो, मराठीत बोलतो, फुकट.