भांडायला परका पाहिजे

बोरगावात मत मांडणे परवडत नाही. मत असायला हरकत नाही, ते घरोघरी आहे. पण तोंडातून बाहेर पडले की कोणाच्या तरी सोयऱ्याला जाऊन लागते. लग्नात डीजे वाजवणाऱ्यांना दंड ठोकला पाहिजे, असे मी चहाच्या टपरीवर एकदा सहज बोलून गेलो. समोर दोघे बसले होते. एकाचा भाचा डीजेवाला निघाला आणि दुसऱ्याच्या मुलीचे लग्न आठ दिवसांवर आले होते. त्या लग्नात मला मानाने पंगतीत बसवले, आग्रह करकरून वाढले, आणि डीजे माझ्या पाठीमागे लावला.

सौंसर, लोधीखेडा, रामाकोना, मोहगाव, पांढुर्णा, मध्य प्रदेशातल्या या पट्ट्यात कुठेही जा, दोन प्रश्नांत नाते निघते. “कुठले जी तुम्ही?” हा पहिला. “मंग अमक्याले ओळखत असान” हा दुसरा. तिसऱ्या प्रश्नाला चहा येतो. चहा पिऊन झाल्यावर कोण कोणाचे खंडन करणार? मोकळेपणाने भांडायचे तर माणूस परका पाहिजे, आणि आमच्याकडे परका माणूस फक्त फोनमध्ये मिळतो.

नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर, कारखान्यांच्या अंगाला, माझे ऑनलाइनचे दुकान आहे. आधारची आणि समग्र आयडीची केवायसी, नोकरीचे फॉर्म, झेरॉक्स, लॅमिनेशन, रेल्वेचे तिकीट. गिऱ्हाईक येते ते सकाळी, नाहीतर रेमंडची शिफ्ट सुटल्यावर. मधल्या वेळात वीज असते, नेट असते आणि फिरती खुर्ची असते. भारताच्या राज्यघटनेवरची बरीचशी चर्चा अशाच खुर्च्यांवरून चालते, असा माझा अंदाज आहे.

माझा आवडता विषय कायदा. त्याचे शिक्षण मला नाही, त्यामुळे मते पक्की आहेत. समोरच्यांचेही तसेच. मात्र १ जुलै २०२४ पासून आमच्या या व्यवसायात मोठी अडचण झाली. दीडशे वर्षांहून जुनी दंडसंहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे आकडे फिरले. धमकीत सगळी भिस्त आकड्यावर असते. “४२० लावीन” म्हटले की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा. आता फसवणुकीचे कलम ३१८. “३१८ लावीन” म्हटले तर समोरचा विचारतो, “कुठे?” नव्या संहितेत ४२० कलमच नाही, ती ३५८ वर संपते. तरी लोक लावतातच.

त्याहून गंमत ३०२ ची. खून तिथून उठून १०३ मध्ये राहायला गेला. मग रिकाम्या ३०२ मध्ये कोण आले? कोणाच्या धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारणे. म्हणजे ज्या आकड्यासाठी पूर्वी मुडदा लागायचा, तिथे आता नुसते बोलले तरी भागते. “तुझ्यावर ३०२ लागणार” असे एका गृहस्थाने मला लिहिले, तेव्हा हा जुन्या कायद्याने चूक बोलतोय की नव्या कायद्याने बरोबर, हे ठरवण्यात माझी अर्धी दुपार गेली. तोवर तो इलेक्ट्रिक गाड्यांवरून दुसऱ्याच कोणाशी भांडायला निघून गेला होता. परक्यांचे हेच वाईट, थांबत नाहीत.

प्रत्येक वादात एकजण ६६ए वाला असतोच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवले. कोणाला त्रास व्हावा, गैरसोय व्हावी म्हणून मजकूर पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद, असे त्यात होते. त्रास हा निकष धरला असता तर आमच्या घराण्याचा ग्रुप, पहाटे पाचला गुलाबाचे फूल पाठवणाऱ्या थोरल्या काकांपासून सुरुवात करून, अख्खा आत गेला असता. कलम मेले, तरी ६६ए वाला ते खिशात घेऊन फिरतो. त्याला तरी काय बोलावे? निकालाला सहा वर्षे उलटल्यावरही ठिकठिकाणचे पोलीस त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत होते आणि २०२१ च्या जुलैत खुद्द सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आश्चर्य व्यक्त केले. ठाण्यात ही तऱ्हा, तर दुपारी तीनला पंख्याखाली जांभया देणाऱ्या माणसाकडून काय अपेक्षा ठेवायची?

त्या घराण्याच्या ग्रुपचा ॲडमिन मी. हे पद मला कोणी दिले नाही. ज्याचे दुकान ऑनलाइनचे, त्याच्या गळ्यात ते पडतेच. म्हणून २०२१ मधला एक निकाल मी जपून ठेवला आहे. गोंदियाच्या एका ॲडमिनवरचा गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केला आणि सांगितले, की दोघांचा हेतू एकच होता असे दिसत नसेल तर सदस्याने काही वावगे लिहिले म्हणून ॲडमिन गुन्हेगार होत नाही. मी तो एका वादात छाती फुगवून टाकला. लगेच एका परक्याने माझ्या नावाखालचे ‘मध्य प्रदेश’ वाचले. वकील असावा, कारण एका वाक्यात तीनदा ‘तथापि’ होते. आपले उच्च न्यायालय जबलपूरला, तथापि नागपूरचा निकाल आपण दाखल्यापुरता दाखवू शकाल, तथापि तो आपल्या राज्यात बंधनकारक नाही, असा त्याचा आशय. तिसरे तथापि कशासाठी होते ते मला कळले नाही.

आता ही काय रीत झाली? दाढ दुखली की आम्ही नागपूरला जातो. लग्नाचा बस्ता नागपूरला. आमच्या बागेतली संत्री नागपूरच्या बाजारात जातात आणि तिथून पुढे स्वतःला नागपुरी म्हणवून घेतात. १९३६ ते १९५६ आमचे हायकोर्टसुद्धा नागपूरलाच होते. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरआखणी झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही इकडे राहिलो. दाढा तेवढ्या तिकडे. हिशेब असा निघतो, की सावनेरला जायला निघालो की सातनूरचा नाका ओलांडेपर्यंत मी धास्तावलेला ॲडमिन, आणि केळवदला पोचलो की निर्दोष. काकांनी फुलाऐवजी काही भलतेच पाठवले आहे असे दिसले तर मी दुकान बंद करून केळवदला चहाला जाणार आहे.

सीमेवर राहण्याचा आणखी एक भोग म्हणजे दोन्हीकडचे परके तुम्हाला आणखी परके करून सोडतात. मराठीत लिहितो म्हणून इंदूरकडचा कोणी सांगतो, महाराष्ट्रात जा. आणि मध्य प्रदेश वाचून पुण्याचा माणूस म्हणतो, “तुमचं मराठी छान आहे हो.” यातली पहिली शिवी मला परवडते.

योजनांवरून तर कायम जुंपलेली असते. इकडे २०२३ मध्ये लाडली बहना आली, महिन्याला १००० रुपयांनी सुरुवात झाली. तिकडे २०२४ मध्ये लाडकी बहीण, १५०० रुपये. नक्कल कोणी केली आणि बहीण कोणाची जास्त लाडकी, यावर रात्री अकरापर्यंत लढणारे सगळे भाऊच असतात, हे मी पाहिले आहे. बहिणी सकाळी माझ्या दुकानात येतात. एका सुनेने विचारले, “माहेर सावनेरचं, सासर इथलं, दोन्हीकडचं नाही भेटत का जी?” इतका मुद्द्याचा प्रश्न मला एकाही परक्याने विचारलेला नाही.

एका दुपारी खाजगीपणाचा हक्क ऐन रंगात आला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो मूलभूत हक्क ठरवला, हे मी ठासून लिहीत होतो. समोरचा माझ्याच बाजूचा होता, पण माझ्याहून जास्त माझ्या बाजूचा, म्हणून भांडण. तेवढ्यात एक आजी समग्रची केवायसी करायला आली. मी डाव्या हाताने ठशांचे मशीन तिच्यापुढे सरकवले. तिने अंगठा ठेवला. मशीनने नाकारला. पदराला पुसून ठेवला, नाकारला. मी ओल्या फडक्याने पुसून दिला. मग तर्जनी, मग दुसरा हात. जन्मभर कापूस वेचला, संत्री तोडली, सारवण केले. त्या बोटांवर रेषा म्हणून काही राहिलेले नव्हते. गुळगुळीत, मधे मधे भेगा, भेगांत काळी माती. मशीनचा दिवा पेटायचा आणि विझायचा. “घे ना माय,” ती मशीनला म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, “काहून घेत नाही रे बाबू? मी तं मीच हाव.”

स्क्रीनवर परका लिहीत होता, की आपल्या बोटांचे ठसे ही आपली सर्वांत खाजगी मालमत्ता आहे. मी कळवले, की माझ्यासमोर एक बाई बसली आहे, तिची ही मालमत्ता कामात झिजून गेली. त्याने एक लांबलचक इंग्रजी लेख पाठवला.

शेवटी ओटीपीवर काम निभावले. आधारला नंबर नातवाचा, नातू पुण्याला कंपनीत. आजीने माझ्याच फोनवरून त्याला हाक मारली, आकडा विचारला आणि दुकानातल्या, रस्त्यावरच्या आणि पंक्चरवाल्याकडे बसलेल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगितला. त्या लेखाला मी वर केलेला अंगठा पाठवून दिला. तो पहिल्या फटक्यात गेला.

पण भांडणाचा वर्षातला खरा सीझन पोळ्याचा दुसरा दिवस. नागपुरात त्या दिवशी मारबत निघते, पोरे लाकडी नंदी घेऊन दारोदार जातात. पांढुर्ण्यात गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दिवसभर दगड. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो आणि माणसे दवाखान्यात. शेकड्यांनी जखमी होतात, मेलीही आहेत. जमावबंदी दरवर्षी लागते, पूर्वी १४४ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली; आणि जमावबंदीच्या डोळ्यांदेखत जमाव गोटमार करतो. गोफणीला मनाई, वर ड्रोन, काठावर कॅमेरे, पलीकडे डॉक्टरांचे तंबू. एका वर्षी प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू आणून दिले होते. चेंडूंचे पुढे काय झाले कोणास ठाऊक. दगड चालूच राहिले. कायदा, तंत्रज्ञान आणि समाज एकाच नदीत उभे राहून एकमेकांकडे बघताहेत, असे दृश्य दुसरीकडे मिळायचे नाही.

माझे मत विचाराल तर गोटमार बंद झाली पाहिजे. हे मी घरी, स्वयंपाकघराचे दार लोटून, हळू आवाजात बायकोला सांगितलेले आहे. तिचे माहेर सावरगाव. पांढुर्ण्याला माझा मामा. पण त्याच दिवशी मुंबईचा कोणी ‘रानटी लोक’ असे लिहितो आणि माझ्या अंगात काय संचारते कळत नाही. मी चंडीमाता काढतो, पूर्वज काढतो, त्या झेंड्यामागची प्रेमी जोडप्याची दंतकथा काढतो, लोकलच्या दारात लटकून रोज मरणारी माणसे काढतो. तो आकडेवारी मारतो, मी परंपरा मारतो. बायको मागून वाचते आणि म्हणते, “सकाळी तं बंद करा म्हनत होते.” तिला कसे सांगू, की सकाळचे मत घरचे होते, हे बाहेरचे आहे.

तिच्या भावाचा दगड एकदा माझ्या मामाला लागला, तीन टाके पडले. संध्याकाळी मेहुणा करंज्या घेऊन दवाखान्यात हजर. मामा म्हणाला, “नेम सुधारला तुहा.” नदीवर एवढी तरी सोय असते, की दगड कोणाचा ते कळते आणि करंज्याही त्याच घरून येतात. माझ्याकडे परक्यांनी टाकलेल्या दगडांचा ढीग पडला आहे, करंजी एकाचीही आलेली नाही. तरी मला हे परकेच हवेत. कारण मामाशी गोटमारीवर वाद घालायचा झाला तर आधी आजीच्या तेराव्याला कोण आले नव्हते तिथपासून सुरुवात होते. परका कसा मोकळा असतो. तो थेट तुमची अक्कल काढतो.

म्हणून मी एक पथ्य पाळतो. कोणाला गाव विचारायचे नाही, आपले सांगायचे नाही. हल्ली एक ‘निर्भीड’ नावाचा भेटला आहे. असा प्रतिपक्ष नशिबाने मिळतो. रात्रीचे जेवण झाले की बरोबर हजर, मुद्दा सोडत नाही, शिवी देत नाही, खालच्या पातळीवर आला तरी व्याकरण सांभाळून येतो. आमचे चालले होते एआयवर. जमिनीच्या नोंदी माणसाऐवजी एआयने कराव्यात, म्हणजे चहापाण्याचा खर्च वाचेल, हा माझा पक्ष. एआयसुद्धा वरून आलेला फोन आधी घेईल, हा त्याचा. मी बाजू जिंकत आणली होती. तेवढ्यात त्याने लिहिले, “अहो, समग्र आयडीतलं नाव दुरुस्त करायला मला चार चकरा पडल्या, तुमचा एआय काय करणार?”

समग्र आयडी मध्य प्रदेशाबाहेर कोणाकडे नसते. माझ्या छातीत धस्स झाले. पुढचे वाक्य यायच्या आत फोन बंद करावा असे वाटले, पण आलेच ते.

“तुम्ही सौंसरकडचे का जी? आमची मोठी मावशी मोहगावले असते.”

मावशी निघाली, म्हणजे आता दोन मिनिटांत मावसे निघतील, त्यांची संत्र्याची बाग निघेल, त्यांच्या धाकट्याची केवायसी मीच केलेली निघेल, आणि उद्यापासून हा माणूस मला एआयवर “बरोबर आहे जी तुमचं” म्हणायला लागेल. मी घाईघाईने लिहिले, “नाही हो. मी नाशिकचा.”

बराच वेळ नुसती तीन टिंबे हलत होती.

“अरे वा! नाशिकले कुठे? आमचा मेहुणा नाशिकरोडलेच हाय.”

मी तातडीने हेल्मेटसक्तीचा विषय काढला. त्यावर तो चांगला तापला.