भाजलेली पऱ्हाटी

चिंतामणीच्या पायाशी वसलेल्या आमच्या कळंबातही आजीला एक चिंता उरलेलीच असे, पावसाळ्यात सरपण कोरडं ठेवण्याची. ती बहुधा देवाच्या अखत्यारीबाहेर होती. कापूस वेचून झाला की उपटलेल्या पऱ्हाटीचा ढीग परसात येई, आणि आषाढात ती पऱ्हाटी हवेतलं पाणी अशी पिऊन घेई, जणू तिला अजून बोंडं धरायची आहेत.

या दोषावर आता उपाय आहे, टॉरिफॅक्शन. काडीकचरा जवळजवळ हवाबंद भट्टीत २०० ते ३०० अंशांवर भाजायचा. हवा दिली तर पेटेल, आच फार वाढवली तर कोळसा होईल. रवा भाजणाऱ्या बाईच्या हाताला जे कळतं, ते कळायला इथे तापमापी लागते. वजन साधारण तीस टक्के घटतं, ऊर्जा मात्र दहाएक टक्केच जाते. इतकं झडून इतकं राखणं माणसांत मी फारसं पाहिलेलं नाही. भाजलेली काडी मग पाण्याला फारशी ओळख दाखवत नाही, आणि चिवटपणा सोडून चक्क ठिसूळ होते. पऱ्हाटी उपटून ज्यांचे तळहात सोलवटले आहेत, त्यांना हे शेवटचं पटायला वेळ लागेल.

२०२१च्या केंद्रीय धोरणाने औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात ५ टक्के शेतकचऱ्याच्या गोळ्या मिसळायला सांगितल्या. काही प्रकारच्या कोळसा-गिरण्यांसाठी तर त्या भाजलेल्याच हव्यात. त्याच्याही आधी पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा करून २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळवला होता. म्हणजे जळण्यातही ऊसच पुढे! वऱ्हाडच्या माणसाला याचं नवल वाटत नाही, थोडं लागतं एवढंच.

मला खरी गंमत वाटते ती धुराची. भाजताना पऱ्हाटीतून सुटणारे वायू वाया जात नाहीत, तेच जाळून भट्टी तापवता येते. आजीच्या डोळ्यांत जात होतं तेही इंधनच होतं तर. फुंकणी बाजूला ठेवून ती पदराने डोळे पुसायची, आणि मला वाटायचं, आजोबांची आठवण आली. विचारलं की म्हणायची, ‘‘धूर हाये रे बाप्पा.’’ सरपण कोरडं असतं तर तिला रडायला निराळं निमित्त शोधावं लागलं असतं. आणि तेवढा रिकामा वेळ तिला होता कुठे.