गाय व्याली, पण ४११ व्या दिवशी

स्कॉटलंडच्या गायींवर सध्या मोठीच जबाबदारी येऊन पडली आहे. गवत खायचं, रवंथ करायचं, वासरू पाजायचं आणि भर पावसात डोंगरउतारावर उभं राहायचं, ही कामं पिढीजात होतीच. २०२५ पासून त्यात कॅलेंडर सांभाळायचं काम वाढलं. मागच्या वेतापासून ४१० दिवसांच्या आत पुन्हा व्यायली तर मालकाला त्या वासराचं अनुदान मिळणार. ४११ वा दिवस उजाडला तर वासरू कितीही गुटगुटीत असो, अनुदानाच्या यादीपुरतं ते जन्मालाच आलेलं नाही.

या गायी दुधाच्या नव्हेत. त्यांचं दूध सगळं वासराच्या पोटात जातं आणि वासरू वाढतं ते मांसासाठी. या धंद्यात वर्षाकाठी गायीमागे एकच पीक, ते म्हणजे वासरू. तेवढ्यावर डोंगराळ भागातला शेतकरी तगत नाही, म्हणून सरकारने २०१५ साली वासरामागे अनुदानाची ही योजना सुरू केली. वासरू किमान ७५ टक्के मांसाळ जातीचं हवं, स्कॉटलंडमध्येच जन्मलेलं हवं आणि सलग ३० दिवस त्याच शेतावर राहिलेलं हवं. इथवर सगळं ठीक होतं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की, अटी फार थोड्या आहेत.

नव्या अटीचं कारण गायीच्या पोटात आहे. रवंथ करणारं जनावर मिथेन सोडतं. भाकड गायही सोडते आणि बदल्यात वासरू देत नाही. तेव्हा दोन वेतांमधलं अंतर कमी झालं तर किलोमागे प्रदूषण कमी होईल, असा हिशेब. हिशेब खोटा नाही. फक्त तो शेतकऱ्याला आधीच पाठ आहे. गाय दोन महिने उशिरा व्यायली की वासरू बाजाराच्या दिवशी लहान भरतं आणि पैसे कमी येतात. भाकड गाय हौसेने पोसणारा शेतकरी स्कॉटलंडमध्ये नाही, सांगोल्यातही नाही. ज्याचं नुकसान आधीच झालं आहे त्याला दंड करून शिस्त लावायची, अशी ही योजना.

आता गायीच्या बाजूने जरा गणित मांडू. गाभणकाळ साधारण २८३ दिवसांचा. ४१० मधून तो वजा केला की हातात राहतात १२७. एवढ्यात तिने बाळंतपणातून सावरायचं, वासराला पाजत पाजत अंग धरायचं, माजावर यायचं आणि फळायचं. पिणारं वासरू कासेला असलं की माज लांबतो. हिवाळा कडक गेला की आणखी लांबतो. साठाव्या दिवशी माजावर आली असं धरलं, तर दर २१ दिवसांनी एक, अशा चार संधी. वळू लंगडला, एखादा माज मुका गेला, एकदा उलटली, की संपलं. वळूच्या तब्येतीबद्दल परिपत्रकाने गायीला जबाबदार धरलं आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. समजा, गोठ्यात दोन गायी आहेत. एक सवडीची, दुसरी शिस्तीची. सवडीची दर खेपेला बरोबर ४१० व्या दिवशी विते. शिस्तीची सात वेळा ३६५ व्या दिवशी विते आणि एकदाच वळूच्या कृपेने ४३० व्या. पहिल्या वेतानंतर दोघींनीही आठ-आठ वासरं दिली. सवडीचीला त्यासाठी ३,२८० दिवस लागले, शिस्तीचीला २,९८५. म्हणजे शिस्तीचीने जवळजवळ दहा महिने वाचवले आणि तेवढ्या काळाचा मिथेनही वाचवला. अनुदान? सवडीचीला आठही वेळा. शिस्तीचीचं एक बुडालं. पर्यावरणाला यापेक्षा जास्त प्रेम सोसवणार नाही.

पहिलारू कालवडीला मात्र मोकळं रान. तिचं आधीचं वेतच नाही, मग अंतर मोजणार कसं? तेव्हा चार वर्षं नुसतं चरून, यथेच्छ ढेकरा देऊन ती पहिल्यांदा व्यायली तरी अनुदानाला पात्र. एका दिवसाने चुकलेली तिची आई अपात्र. उत्तर आयर्लंडने ही फट हेरली. तिथल्या योजनेत २०२४ साली पहिल्या वेताचं वय जास्तीत जास्त ३४ महिने आणि पुढच्या वेतांमधलं अंतर ४१५ दिवस ठरलं, पुढे ते आवळत न्यायचं या बेताने. म्हणजे दोन्हीकडचे पहिल्या वर्षाचे आकडे शेजारी ठेवले, तर मधला चिंचोळा समुद्र ओलांडला की तीच गाय पाच दिवसांनी जास्त कार्यक्षम ठरते.

आता शेवटच्या रात्रीचं दृश्य पाहा. १० एप्रिलला व्यायलेली गाय पुढच्या वर्षी २५ मेपर्यंत पात्र. २५ मेची रात्र. शेतकरी टॉर्च घेऊन उभा. पावणेबाराला पाण्याची पिशवी फुटली, बाराला दहा कमी असताना पुढचे खूर दिसले, मग नाक. मागचे पाय बाहेर आले तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं. वासराचा पुढचा भाग पात्र आहे आणि मागचा अपात्र. एरवी शेतकरी वासराच्या नाकातली घाण काढून ते श्वास घेतंय का बघतो. या घरात आधी घड्याळ बघितलं जाईल, आणि नोंदवहीत कोणती तारीख पडेल हे सांगायला ज्योतिषी नको.

आणखी एक बारकावा. योजनेचा पैसा ठरलेला, वर्षाला साधारण चार कोटी पौंड. तो पात्र वासरांमध्ये वाटला जातो. मुख्य भूमीवर वासरामागे शंभर पौंडांच्या आसपास पडतात, बेटांवर त्याहून जास्त. म्हणजे जितकी वासरं बाद, तितका उरलेल्यांचा वाटा मोठा. शेजाऱ्याची गाय उलटली की आपल्या वासराचा भाव वधारतो. सहकाराची अशी प्रेरणा आमच्या साखर कारखान्यांनाही अजून सुचलेली नाही.

बेटांवरच्या क्रॉफ्टरची, म्हणजे तिथल्या अल्पभूधारकाची, तऱ्हा आणखी न्यारी. चार-सहा गायींसाठी स्वतःचा वळू परवडत नाही. म्हणून अख्ख्या गावात मिळून एक वळू असतो आणि तो अनेकदा इन्व्हर्नेसजवळच्या सरकारी केंद्रातून भाड्याने येतो. वळू सरकारचा, मुदत सरकारची. उशीर तेवढा गायीचा. यावर ओरड झाली, तेव्हा लहान कळपांसाठी सवलतीची वाट काढावी लागली. मेलेलं वासरू जन्मलं तर त्याचीही नोंद करण्याची सोय आहे, नाहीतर कागदावर गाय वर्षभर बसून खाल्ल्यासारखी दिसते. वासरू गेल्याचं दुःख नंतर करता येईल, नोंद आधी.

आपल्याकडच्या वाचकाने फार हसू नये. महाराष्ट्रात २०२४ च्या सुरुवातीला गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान मिळालं, तेव्हा कानातल्या बारा अंकी पिवळ्या बिल्ल्याची ऑनलाइन नोंद लागत होती. दूध डेअरीत पोचलं तरी नोंद पोचेपर्यंत पाच रुपये वाटेतच. गाय कुठलीही असो, सरकार तिला कानानेच ओळखतं.

वेतांमधलं अंतर कमी करा म्हणणं वावगं नाही. पण मग पैसे पशुवैद्याला, चाऱ्याला, गाभण तपासणीला आणि चांगल्या वळूला द्या. त्याने अंतर कमी होतं. आणि मोजायचंच असेल, तर एका गायीची एक तारीख न मोजता अख्ख्या कळपाची तीन-चार वर्षांची सरासरी मोजा. सवडीची आणि शिस्तीची त्यात आपोआप वेगळ्या पडतील. एका तारखेने चुकार गाय सापडत नाही, फक्त नशिबाचा फटका बसलेला शेतकरी सापडतो.