बिनपंचांची लीग
कर्लिंग नामक क्रीडेत चार-चार जणांचे दोन संघ सुमारे २० किलोंचे ग्रॅनाइटचे धोंडे बर्फावरून सरकवितात. क्लबाच्या साप्ताहिक लीगमध्ये बहुधा पंच नसतोच, कोणाचा धोंडा केंद्राच्या अधिक निकट याचा निवाडा उभयपक्षी आपसांत होतो आणि सामन्यानंतर जेत्याने पराभूतास पेय पाजावे, असा तिकडचा रिवाज आहे. जिंतूर तालुक्यातील आमच्या बोरीत, जिथे मे महिन्यात बर्फ केवळ रसवंतीवर दृष्टीस पडतो, हा शिरस्ता रुजणे दुरापास्त. परंतु दोष हवामानाचा नव्हे. पंच नसल्यास हुज्जत कोणाशी घालावी, आणि अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, उद्घाटक व बक्षीसदाते यांच्या नामावळीचा फलक झळकल्यावाचून कबड्डीचा पहिला सामना तरी कसा सुरू करावा, हा खरा अडसर आहे. धोंडे मुबलक आहेत.